पहिलं पेन मागवताना

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझी यादी वाचली. हातानं घडवलेली बारा शाईची पेनं, चार कारागीर, रंगसुद्धा ठरलेले! ऑर्डर अजून दिली नसशील तर थांब. एकाच कारागिराकडून एकच पेन घे आणि निदान हा पावसाळाभर त्यानंच लिही. दुसऱ्याचं मग बघू.

राजमहेंद्रीचे रत्नम १९३२ पासून पेनं करताहेत, तिरुवल्लूरला रंगा आहेत. तिथं एबोनाईटची कांडी लेथवर हातानं कातली जाते. तू बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत वाढलास, लेथपुढचा माणूस काय करतो ते तुला मी काय सांगणार! एबोनाईट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून, तापवून कडक केलेला माल. नवं पेन तळव्यावर चोळून नाकाशी धर, गंधकाचा वास येतो. टोपणाचे आटे सावकाश फिरवून बघ. न अडखळता बसले, तर कारागिराचा हात तयार आहे समज.

सगळ्यात जास्त डोकं मात्र निबवर घाल. घरी तुझं लिखाण मराठीत, ऑफिसात कन्नडमध्ये. आपल्या ष, थ, क्ष यांची पोटं लहान, जाड निबनं ती शाईनं बुजून जातात. कन्नड अक्षरं गोल, हात सारखा वळत असतो, तिथं निब जरा खरखरीत असली की कागद ओरबाडते. त्यात बेळगावचा जुलै! शाई लवकर वाळत नाही आणि शिरोरेषा ओढताना फिसकटते. म्हणून बारीक, गुळगुळीत आणि शाई बेतानं सोडणारी निब माग. दोन्ही लिप्यांत अर्धं अर्धं पान लिहून त्याचा फोटो कारागिराला पाठव. पेन किती आडवं धरतोस, दाब किती देतोस, तेही कळव. छोटा कारागीर हे सगळं वाचतो आणि त्याप्रमाणे निब घासून देतो. त्याच्याकडे जायचं ते यासाठीच. त्याच्याशी घासाघीस करू नकोस, आणि उशीर झाला तर रोज फोनही नको.

ड्रॉपरनं भरायचं पेन घे. त्यात दोन-तीन मिली शाई सहज मावते. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनात बसवायच्या शाई ओढणाऱ्या छोट्या नळीत, बहुधा एक मिलीसुद्धा नाही. पाव भाग उरली की लगेच भरायची, नाहीतर हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि कागदावर थेंब पडतो. आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लाव. धुवायला गार पाणीच घे. खिडकीत, उन्हात ठेवू नकोस; काळं एबोनाईट तपकिरी पडतं आणि फार वाईट वाटतं.

ऑर्डर देण्याआधी मजकूर मला पाठव. निबबद्दलचं नीट लिहिलंयस का, तेवढं बघतो.

तुझा,
काका