बालवाडी शिक्षिकेचे प्रशिक्षण

प्रश्न : माझी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून तिला बालवाडी शिक्षिका व्हायचे आहे. प्रशिक्षणवर्ग निवडताना काय पाहावे?

उत्तर : प्रमाणपत्राआधी प्रात्यक्षिकाचे तास पाहावेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात शंख-शिंपले, बिया, पाने हीच साधने होती. साधने इतकी साधी असली की शिक्षिकेचे खरे कौशल्य मुलाचे निरीक्षण करण्यातच असते. त्यामुळे तीन वर्षांचे मूल चिंचोके एका वाटीतून दुसरीत टाकताना मध्येच का थांबते, हे मध्ये न बोलता पाहून टिपायला लावणारा वर्ग उत्तम समजावा. नुसते तक्ते रंगवून घेणारे वर्ग (आणि असे पुष्कळ आहेत) टाळावेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानल्यामुळे, पहिली-दुसरीच्या वर्गांतही बसायला मिळेल का, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे.