जुनी ऑडी टीटी घ्यायलास तर आधी हे बघ
भावा, संभाजीनगरजवळ शेंद्र्यात ऑडीचा प्लांट आहे म्हणून पार्ट स्वस्तात मिळतील हे डोक्यातून काढ, टीटी भारतात पूर्ण इम्पोर्टेडच यायची. 2010-12 च्या दोन लिटर टर्बोचं मेन दुखणं म्हणजे टायमिंग चेनचा टेन्शनर (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी चेन ताणून धरणारा पार्ट). गाडी बघायला सकाळी लवकर जा, मालकाला आधीच सांग की चालू करून ठेवू नका, बोनेटवर हात ठेवून बघ, गरम लागलं तर सरळ उद्या येतो म्हणायचं. थंड इंजिन स्टार्ट करताच पहिले दोन-तीन सेकंद खडखड आली तर टेन्शनर अन् चेनचा खर्च किमतीतून कापून घे, कारण चेन सरकली की व्हॉल्व्ह वाकतात अन् मग इंजिनच खोलावं लागतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल अन् फिल्टर दर 60,000 किमीला बदललेलं पाहिजे, बिल माग, उगं "केलंय की" वर जाऊ नको. कूलंट कमी होत असेल तर वॉटर पंपाची हाउसिंग (बाहेरचं कव्हर) बघ, ती प्लास्टिकची असते अन् आपल्याकडचा मे महिना तुला माहितीच आहे. 15 वर्षं होत आली असतील तर री-रजिस्ट्रेशनचा खर्च पण धर. टायर-ब्रेकचं नंतर बघू, पण घेतल्या घेतल्या लाख-दीड लाख हाताशी ठेव, सगळे पैसे गाडीतच घालू नको बरका.