३८ हजारांचं पिल्लू, १२ लाखांचा कुत्रा

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, मी खासगी शाळेत शिक्षिका. दोघांचे मिळून ९६,००० रुपये हातात येतात. घराचा हप्ता २८,०००, घरखर्च ३८,०००, मुलीची शाळा-क्लास ९,०००, एसआयपी १०,०००. अडीअडचणीसाठी १ लाख ४० हजारांची एफडी आहे. ११ वर्षांच्या मुलीला लॅब्रॅडॉर हवाय आणि आता आमचंही मन झालंय. एक जण १२,००० ला पिल्लू देतोय, लगेच, पण कागद नाहीत. दुसरीकडे पुण्याजवळ एक ब्रीडर आहेत. ते ३८,००० सांगतात आणि पुढच्या वेतापर्यंत थांबा म्हणतात. चार महिने एसआयपी थांबवली तर पैसे उभे राहतात. तसं करावं का? शेजारचे काका म्हणतात, मादी घ्या, एकदा पिल्लं विकली की सगळं वसूल. (एक वाचक, नाशिक)

ताई, पत्रात तुम्ही १२ आणि ३८ या दोन आकड्यांची तुलना केलीत. तिसरा आकडा राहून गेला, म्हणून आधी तोच काढू.

पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर ३० किलोच्या आसपास भरतो. त्याला दिवसाला साडेतीनशे-चारशे ग्रॅम कोरडं खाद्य लागतं, म्हणजे महिन्याला ११-१२ किलो. मध्यम प्रतीचं घेतलं तरी ४,००० रुपये धरा. घरी भात-चिकन शिजवलं तर थोडं कमी होईल, पण गॅस आणि तुमची सकाळ त्यात जाईल. वर्षाची लसीकरणं, जंताचं औषध, गोचिडांचं औषध (आपल्याकडे ते बारमाही लागतं), मधूनमधून डॉक्टर, हे सगळं महिन्यावर वाटलं तर ९००-१,०००. पट्टा, शाम्पू, कुरतडलेल्या चपला ४००. आणि तुम्ही गावाला गेलात की त्याला ठेवायचा खर्च वर्षाला ७,००० धरला तर महिन्याला ६०० च्या घरात. झाले ६,०००. वर्षाचे ७२,०००.

लॅब्रॅडॉर साधारण १२ वर्षं जगतो. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांचा एकूण खर्च १२ लाख १५ हजारांच्या जवळ जातो. हे माझे अंदाज आहेत. तुमचे थोडे खाली-वर होतील, पण लाखाचे हजार होणार नाहीत. आता दोन पिल्लांमधला फरक बघा : २६,००० रुपये. १४४ महिन्यांवर वाटला तर महिन्याला १८० रुपये. म्हणजे स्वस्त पिल्लू घेऊन तुम्ही एकूण खर्चातले दोन टक्के वाचवणार, आणि ते वाचवताना सगळ्यात मोठी जोखीम अंगावर घेणार.

ही जोखीम मी पुस्तकात वाचलेली नाही. २०१३ मध्ये मीही असंच एक पिल्लू घेतलं होतं, ८,००० ना, आणि तेव्हाही मी आर्थिक सल्लागारच होतो. विकणारा म्हणाला, घर लांब आहे, टोलनाक्याजवळ भेटू. द्राक्षांच्या खोक्यात कागदाच्या कात्रणावर ते बसलं होतं. पोट गरगरीत, मला वाटलं काय गुटगुटीत आहे! पोटात जंत होते. लसीकरणाचं कार्ड होतं, त्यावर तारीख आणि एक शिक्का. पाचव्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले : पार्व्हो, कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार. त्याची लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस, कधी जास्तही लागतात, त्यामुळे हातात घेताना पिल्लू टुणटुणीत दिसतं. सलाइनवर चार दिवस काढले, १४,००० बिल झालं आणि पिल्लू गेलं. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद. वर डॉक्टर म्हणाले, हा विषाणू घरात-अंगणात महिनोन्महिने टिकतो, इतक्यात दुसरं लहान पिल्लू आणू नका. त्या कार्डाकडे त्यांनी एकदाच बघितलं. लस टोचली की बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर सोलून कार्डावर चिकटवतात आणि शेजारी डॉक्टर सही करतात. माझ्या कार्डावर स्टिकर नव्हतं, आणि ते असायला हवं हे मला माहीत नव्हतं.

तेव्हा १२,००० वाल्याला नाही म्हणा. पण ३८,००० वाल्यालाही डोळे झाकून हो म्हणू नका, कारण महाग म्हणजे चांगलं असं या धंद्यात अजिबात नाही. जास्तीचे पैसे कशाचे घेतायत ते विचारा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि मादी १८ महिन्यांची होईपर्यंत तिच्यापासून पिल्लं घेता येत नाहीत. नोंदणीचा कागद दाखवा म्हटल्यावर माणूस चिडला तर गाडी वळवा.

केनेल क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे चेन्नईच्या केसीआयचं सर्टिफिकेट मिळेल. ते घ्याच. त्यावर आई-बापाची नोंद आणि पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर असतो. चिपचा १५ आकडी नंबर स्कॅनर लावून कागदाशी जुळवून घ्या. पण हा कागद वंश सांगतो, तब्येत सांगत नाही. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा आणि कोपराचा सांधा नीट न बसण्याचा दोष पिढीतून येतो, डोळ्यांचा एक आजारही येतो. त्यासाठी आई-बापाचे खुब्याचे एक्स-रे काढलेत का, हा खरा प्रश्न. आपल्याकडे हे करणारे ब्रीडर कमी आहेत. ज्याने केलंय त्याला मी ३८ काय, ४२ हजारही देईन, कारण खुब्याचं दुखणं निघालं तर औषधपाण्यातच पाच आकडी रक्कम जाते आणि शस्त्रक्रियेला सहा आकडी. ‘चॅम्पियन ब्लडलाइन’साठी मात्र जादा एक रुपया देऊ नका. तुम्हाला शोमध्ये उतरायचं नाहीये.

आणि आई बघा, तिच्या राहत्या जागी, पिल्लांसोबत. बाप बऱ्याचदा दुसऱ्याचा असतो, तो नसला तर चालेल. आई दाखवायला कारणं सांगितली तर समजून जा.

ते थांबायला सांगतायत याचा तुम्हाला थोडा राग आलेला दिसतो. मला तीच गोष्ट आवडली. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, ६३ दिवस गाभण राहते, पुढे पिल्लू आईजवळ ५६ दिवस. म्हणजे मेळ घातल्यापासून पिल्लू तुमच्या दारात यायला किमान १७ आठवडे. ज्याच्याकडे कधीही फोन करा, पिल्लं ‘रेडी’च असतात, त्याच्याकडे किती माद्या कुठल्या पिंजऱ्यात आहेत याचा विचार करा.

आता एसआयपी. चार महिने थांबवल्याने तुमचं म्हातारपण उघड्यावर पडणार नाही, उगीच घाबरवत नाही. पण ३८,००० एकदा जाणार आणि ६,००० दर महिन्याला. पहिल्याच खर्चाला एसआयपीला हात लावावा लागत असेल तर पाचव्या महिन्यात ती परत सुरू होईल यावर माझा विश्वास नाही. तुमच्याच आकड्यांची बेरीज केली तर महिन्याला ११,००० उरायला हवेत. ते कुठे आहेत याबद्दल पत्रात एक ओळ नाही. बहुतेक घरांत नसतेच. शिवाय तुमचा न टळणारा खर्च ७५,००० आहे आणि एफडी १ लाख ४० हजार, म्हणजे दोन महिनेही निघत नाहीत. कंपनीत ले-ऑफ झाला तर कुत्र्याचा खर्च कोण भागवणार?

म्हणून असं करा. या जूनपासून ६,००० ची आरडी सुरू करा, दहा महिन्यांची. कुत्रा घरात आला आहे असं समजूनच ते पैसे पगाराच्या दिवशी कापले जाऊ द्या. उरलेले ५,००० अडचणीच्या निधीत आणि दिवाळीचा बोनसही तिथेच. दहा महिन्यांत आरडीत ६०,००० जमतील. त्यात ३८,००० पिल्लाचे, १२,००० सुरुवातीच्या लसी, भांडी, जाळी, महापालिकेचा परवाना वगैरेंचे, आणि १०,००० त्याच्या पहिल्या आजारपणासाठी. निधी १ लाख ९० हजार आणि वर बोनस. तोही पुरेसा नाही, भर घालणं चालूच ठेवा. दहापैकी तीन हप्ते चुकले, तर कुत्रा तुम्हाला झेपणार नाही हे पिल्लू न आणताच कळेल. मुलीला काय सांगायचं ते अवघड आहे, पण आणलेला कुत्रा परत देण्याइतकं नाही.

दहा महिने म्हणण्यामागे आणखी एक हिशेब आहे. डिसेंबरच्या वीसच्या आसपास मेळ घातलेल्या मादीची पिल्लं एप्रिलच्या मध्यावर आठ आठवड्यांची होतात. तुमची शाळा तेव्हा सुट्टीला टेकलेली असते. दोन-दोन तासांनी पिल्लाला शू करायला बाहेर न्यायला घरात माणूस लागतं, आणि ते माणूस तुम्हीच असणार, हे पत्र वाचून मला कळलंय. ब्रीडरना तसं आत्ताच सांगून ठेवा.

काकांचा सल्ला. सात-आठ पिल्लं गुणिले ३८,००० असं गणित त्यांनी केलं असेल. विकण्यासाठी पिल्लं काढायची तर ब्रीडर म्हणून तुमचीच नोंदणी लागेल. अडली तर मध्यरात्री सिझेरियन, सात-आठ पिल्लांचं आठ आठवड्यांचं खाद्य, लसी, चिप, दगावलेली पिल्लं, आणि तुमच्या बिनपगारी रजा. हा धंदा आहे, आणि तो करायचा तर काकांनी भागीदार व्हावं, निम्मे पैसे घालून. विचारून बघा.

दत्तक पिल्लाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. गावठी पिल्लू आणलं तर ३८,००० वाचतील, उन्हाळाही त्याला जास्त सोसतो. महिन्याचा खर्च थोडा कमी होईल, पण संपणार नाही. आरडी तेव्हाही लागेलच. कुत्र्याचा विमा काही सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. सही करण्याआधी जन्मजात आणि आनुवंशिक आजार वगळलेत का, ते पान शोधा. खुब्याचा दोष तिथेच सापडेल.

बुकिंगला ५,००० मागितले तर आईला बघून आल्यावर द्या, यूपीआयने, आणि पावती घ्या. पावतीवर तीन ओळी लिहून घ्या : पिल्लू नाही झालं तर पैसे परत, ताबा आठ आठवड्यांनंतर, आणि घरी नेल्यावर तीन दिवसांत तुमच्या डॉक्टरांना काही गंभीर आढळलं तर पिल्लू परत घेऊन पूर्ण रक्कम. पार्व्हो तीन दिवसांत दिसेलच असं नाही, म्हणून मी स्वतः दहा दिवस मागेन. ते सातावर येतील.