कार्ड दिलं तर तो बोलायचाच नाही का?

"मॅडम, आधीच तोंडातनं शब्द निघंना. त्यात हातात चित्र दिल्यावर मग कशाला बोलतोय त्यो?" सांगलीतल्या एका आजींनी विचारलं. न बोलणाऱ्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना हवं ते मागता यावं म्हणून मी चित्रांची कार्डं द्यायला सांगते, तेव्हा त्यांच्या घरून मला हा प्रश्न सतत येतो.

नातू चार वर्षांचा. काही हवं झालं की आईचा हात धरून फडताळाकडे ओढायचा. तिला उमगलं नाही की फरशीवर डोकं आपटायचा. घरचे त्याला हट्टी म्हणत. मला तो हट्ट वाटला नाही. सांगायचा दुसरा मार्ग त्याच्याजवळ नव्हताच.

आजींना मी सांगितलं, ही भीती तपासली गेली आहे. 2006 च्या एका संशोधन-आढाव्यात ज्यांच्याबद्दलचा पुरावा भक्कम होता अशा 27 जणांपैकी एकाचंही बोलणं खुणा-चित्रांमुळे घटलं नाही. बहुतेकांचं वाढलं, थोडंसंच, पण वाढलं.

सुरुवात भडंगापासून केली, कारण त्यावर त्याचा जीव. भडंगाच्या वाटीचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवला. समोर आई, एका हातात वाटी, दुसरा तळहात उघडा. मागे आजी. पोरगा वाटीकडे झेपावला की आजींनी मुकाट्याने त्याचा हात कार्डाकडे न्यायचा, कार्ड आईच्या तळव्यावर ठेववायचं. आईने त्याच क्षणी "भडंग!" म्हणून द्यायचं. "काय पाहिजे? सांग की!" असं विचारायचं नाही; नाहीतर कुणी विचारल्याशिवाय मागायचंच नाही, अशी सवय त्याला लागते. अमेरिकेत 1985 साली अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी बसवलेल्या चित्र-देवाणघेवाणीच्या पद्धतीची ही पहिली पायरी. हळूहळू आजींनी हात काढून घेतला. पुढे तो स्वयंपाकघरात कार्ड घेऊन आईला शोधत आला.

मग 'बास' आणि 'नको' यांच्या खुणा शिकवल्या. या मी आग्रहाने शिकवते. बऱ्याच घरांत 'बस', 'जेव', 'शू' एवढीच कार्डं असतात, म्हणजे सगळी मोठ्यांच्या सोयीची. नकार देता आला तसं त्याचं डोकं आपटणंही कमी झालं.

आता कार्ड देताना तो "भ" म्हणतो. पुढे किती बोलेल, याचं वचन मी आजींना दिलेलं नाही. काही मुलं बोलतच नाहीत, आणि त्यांची चित्रं आयुष्यभर त्यांच्याजवळ राहायला हवीत. म्हणून कार्डं कपाटावर ठेवू नका, ती त्याच्या हाताला लागली पाहिजेत. अंगणवाडीत, मामाच्या गावाला, लग्नातही कार्डांची पिशवी सोबत न्या. आणि तुमचं त्याच्याशी बोलणं अजिबात थांबवू नका.