कुकर लावा आणि अंघोळीला जा

जुलै लागला की माझ्याकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी लोणच्याला बुरशी का आली, पुरणपोळी का फाटली असे प्रश्न असतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र लिहिणारी मुलं असतात, घरापासून पहिल्यांदा लांब गेलेली. नारायण पेठेत मी एकोणीस वर्षं विद्यार्थ्यांचे डबे केले, म्हणून ही मुलं मला मावशीच म्हणतात आणि मलाही तेच आवडतं. त्यांच्यासाठी हे पूर्ण पान.

मावशी, आम्ही तिघी लातूर जिल्ह्यातून पुण्यात राज्यसेवेच्या तयारीला आलो आहोत. एक खोली, एक इंडक्शन, तीन लिटरचा कुकर. अभ्यासिकेतून यायला रात्रीचे साडेनऊ होतात. डबा सकाळी येतो, रात्री तो गार आणि आंबूस झालेला असतो. मग मॅगी नाही तर चहा-बिस्किट. अर्ध्या तासात होईल असं काही सांगा.

पोरींनो, आधी एक सांगते. रात्री साडेनऊला, पोटात कावळे ओरडत असताना, "आज काय करूया" असा विचार करायला बसलात की त्या दिवशी मॅगीच होणार. विचार सकाळी करायचा आणि तोही दोन मिनिटांचा. निघण्याआधी दीड वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मुगाची डाळ मोजून कुकरमध्ये कोरडीच घालून ठेवा. भिजवून ठेवू नका, दिवसभरात पुण्याच्या उकाड्यात त्याला वास येतो. शेजारी ताटलीत एक कांदा, दोन मिरच्या, लसणाच्या चार पाकळ्या. बस, रात्रीचं निम्मं काम झालं.

आल्यावर डाळ-तांदूळ धुऊन निथळत ठेवा. कुकरमध्ये दोन चमचे तेल, मोहरी, ती तडतडली की जिरे, हिंग, लसूण, मिरची, कांदा. कांदा लाल करत बसू नका, नुसता मऊ झाला तरी चालतो. हळद, मीठ, असला तर अर्धा चमचा गोडा मसाला. मग डाळ-तांदूळ घालून मिनिटभर परता आणि साडेपाच ते सहा वाट्या पाणी घाला. तांदूळ मावळातला इंद्रायणी मिळाला तर आणा. तो चिकट होतो म्हणून लोक नावं ठेवतात, पण खिचडीला तोच हवा.

आता इंडक्शनची गोष्ट. त्याची आच भांड्याच्या मधोमध एकवटते, त्यामुळे पूर्ण जोरावर ठेवलं तर खिचडी खाली लागते आणि वर पाणी राहतं. पहिली शिट्टी होईपर्यंत जोर ठेवा, मग 800 वॉटवर आणा, आणखी दोन शिट्ट्या होऊ द्या आणि बंद करा. वाफ आपोआप जिरायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत एकीने अंघोळ उरकायची, एकीने पापड भाजायचा, तिसरीने उद्याचे डाळ-तांदूळ मोजायचे. शिट्टी उचलून वाफ काढायची घाई करू नका. खिचडीत ती फसफसून वर येते आणि हात भाजतो.

दुसऱ्या दिवशी पिठलं. तुमच्या गल्लीत पोळी-भाजी केंद्र असणारच. तिथून भाकऱ्या किंवा पोळ्या घ्या, भाजी घेऊ नका. पोळ्या लाटायला तुमच्याकडे वेळ नाही आणि ओटाही नाही, त्यात कमीपणा कसला? पिठलं मात्र स्वतः करा, कारण पिठलं गरमच खायची गोष्ट आहे. तिघींना एक वाटी बेसन. ते गार पाण्यात आधी कालवून घ्या, दोशाच्या पिठाइतकं पातळ. गुठळ्या होतात त्या पीठ थेट गरम पाण्यात टाकल्यामुळे. फोडणीत लसूण जरा जास्त, मिरची, कांदा, हळद. त्यावर तीन वाट्या पाणी आणि मीठ. पाणी खळखळलं की एका हाताने कालवलेलं पीठ ओता आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटं. कच्च्या पिठाचा वास गेला की झालं. उरलेल्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी करा. तुमच्याकडे तिला कुस्करा म्हणत असतील.

आठवड्यातून चार रात्री एवढं जमलं तरी पुरे. उरलेल्या तीन रात्रींचा जिवाला त्रास करून घेऊ नका.

मी छत्रपती संभाजीनगरला वसतिगृहात राहते. शेगडीला परवानगी नाही, फक्त पाण्याची इलेक्ट्रिक किटली चालते. मैत्रिणी किटलीतच मॅगी आणि दूध उकळतात. मीही करू का?

नको गं बाळा. किटली आपोआप बंद होते ती वाफेमुळे. पाण्याची वाफ वरच्या भागातून बटणाजवळच्या पट्टीपर्यंत पोचली की बटण पडतं. दूध त्याआधीच फेसाळून उतू जातं, खाली तळाला चिकटतं आणि करपतं. झाकण उघडं ठेवून काही शिजवलं तर वाफ तिथं पोचतच नाही, मग पाणी आटेपर्यंत किटली उकळतच राहते. किटलीत फक्त पाणी. शिजवायचं काम डब्यात होऊ दे.

घरी गेलीस की आईकडून हे करून घे, किंवा तूच कर. दोन वाट्या बारीक रवा मंद आचेवर खमंग भाज, दहा-बारा मिनिटं. दुसऱ्या कढईत चार चमचे तेलात मोहरी, उडदाची डाळ, जिरे, हिंग, सुक्या मिरचीचे तुकडे आणि कढीलिंब. कढीलिंब आधी कोरडा पुसून घे आणि तेलात कुरकुरीत होऊ दे, ओलसर राहिला तर रवा खराब होतो. ही फोडणी रव्यात कालव, मीठ आणि चमचाभर साखर घाल, पूर्ण गार झाल्यावर डब्यात भर. पंधरा-वीस दिवस आरामात राहतो. वसतिगृहात स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात एक वाटी हा रवा घे, त्यावर दोन वाट्यांना जरा कमी असं उकळतं पाणी ओत, ढवळ, झाकण लाव आणि डबा टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं ठेव. उघडशील तेव्हा उपमा. वर लिंबू पिळ.

दुसरं, दडपे पोहे. मी मूळची संगमेश्वरकडची, आमच्याकडे याला चूल लागते ती फक्त फोडणीपुरती, आणि तुला तीही नको. दोन मुठी पातळ पोहे, चिरलेला कांदा, काकडी, टोमॅटो, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू. मिळालं तर ओलं खोबरं, नाही तर मूठभर भाजलेले दाणे. फोडणीऐवजी कैरीच्या लोणच्यावरचं तेल चमचाभर. हाताने नीट कालवून वर ताटली दडपून पंधरा मिनिटं ठेव. काकडी-टोमॅटोच्या पाण्यातच पोहे भिजतात, वेगळं पाणी घालू नकोस.

मी जर्मनीत आखेनला शिकतो. परवा आमच्या सामायिक स्वयंपाकघरात फोडणी केली आणि धुराचा गजर वाजला. सगळा मजला थंडीत खाली जाऊन उभा. आता फोडणी करायचीच भीती वाटते. आणि दुसरं, रविवारी केलेला भात बुधवारपर्यंत फोडणीला चालतो का?

अरे, फोडणी सोडू नकोस. तेलातून धूर निघेपर्यंत थांबायचं हे आपण घरी बघून शिकतो, पण त्याची गरज नसते. थंड कढईत तेल घाल, मध्यम आच ठेव, त्यात मोहरीचा एकच दाणा टाक. तो हलू लागला, तडतडला की तेल झालं. तिथल्या काचेच्या शेगड्या बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतात, म्हणून मोहरी तडतडत असतानाच कढई उचलून बाजूला घे आणि मग जिरे, हिंग, हळद घाल. तिखट तर शेवटी, आणि लगेच टोमॅटो किंवा थोडं पाणी. ठसका येतो तो बहुतेकदा करपलेल्या मिरचीचा, मोहरीचा नव्हे. सुकी मिरची सध्या वगळ, हिरवी वापर. कढईवर झाकण असू दे आणि डोक्यावरचा पंखा फोडणीच्या आधी सुरू कर.

भाताबद्दल मात्र मी कडक आहे. बुधवारपर्यंत नको. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर कोमट पडून राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. शिळा भात नीट गरम केला होता, तरी उलट्या झाल्या, असं सांगणारी मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून भात झाल्यावर उरलेला लगेच ताटात पसर, गार झाला की तासाभरात फ्रीजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी संपव. फ्रीजमधला मोकळा झालेला भात फोडणीला फार छान लागतो. कांदा, दाणे, हळद, वर दही. पण तो कालचाच हवा.

कोल्हापूरला इंजिनीअरिंगला आहे, तालमीत जातो. प्रोटीनची पावडर परवडत नाही. काय खाऊ?

पावडरीची गरज नाही. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात. शंभर ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांत 25 च्या आसपास, मुगाच्या डाळीत 24, सोयाबीनच्या वड्यांमध्ये तर कोरड्या वजनाच्या निम्मी. सोमवारी रात्री मटकी भिजव, मंगळवारी सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांध, संध्याकाळपर्यंत मोड येतात. पावसाळ्यात रात्र जास्त लागते. उसळ करताना कांदा, कांदा-लसूण मसाला, मीठ आणि बुडेल एवढंच पाणी. कुकर नको, शिट्टीने मोड विरघळतात. झाकणावर पाणी ठेवून पंधरा मिनिटं. कोल्हापुरात राहून तुला तिखट किती घालायचं ते मी सांगणार नाही.

कुकरची शिट्टीच होत नाही. कुकर बिघडला का?

बहुतेक नाही. झाकणाची रिंग काढून गार पाण्यात ठेवा आणि पुन्हा बसवा. तरी कडेने वाफ गेली तर रिंग बदला. शिट्टी बसते ती बारीक नळी उजेडासमोर धरून पाहा, आत भाताचं शीत अडकलेलं असेल. सुईने काढा. नळी तुंबलेली असताना कुकर कधीच लावू नका.

मावशी, मी चिपळूणची. मुलगी नागपूरला शिकायला चालली आहे. बरोबर काय काय देऊ? लाडू-चिवड्याने पिशवी भरली आहे, पण तिचं जेवण त्यावर कसं होणार?

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला 1987 आठवलं. मी पुण्याला आले तेव्हा खोलीत एक वातीचा स्टोव्ह होता. रॉकेल संपत आलं की वाती काजळायच्या आणि भाताला वास लागायचा. पहिला महिना मी चहा-पावावर काढला आणि एका सकाळी बसस्टॉपवर चक्कर येऊन बसले. हे आईला कळलं कसं कोण जाणे, पण आठवड्याने एस.टी.तून डबा आला. तेव्हा गावोगावच्या आया वाहकाच्या हाती मुलांचे डबे पाठवायच्या आणि मुलं स्टँडवर वाट बघत उभी असायची. माझ्या डब्यात लाडू एकही नव्हता. मेतकूट होतं, कुळथाचं पीठ होतं आणि दाण्याचा कूट. मला तेव्हा रडू आलं होतं, लाडू नाही म्हणून. पुढचे तीन महिने मी त्या डब्यावर जगले.

म्हणून लाडू जरूर द्या, पण दोन आठवड्यांत ते मैत्रिणींमध्ये संपतील. जेवण होतं ते अर्धवट तयार कोरड्या गोष्टींवर. मेतकूट तुम्ही करतच असाल, तरी माझं प्रमाण सांगते: हरभऱ्याची डाळ एक वाटी, तांदूळ अर्धी, उडदाची डाळ पाव, गहू दोन चमचे, धणे आणि जिरे एकेक चमचा, मेथी अर्धा चमचा. सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण तांदूळ फुलेपर्यंत मेथी कडू होते. दळताना सुंठ, हळद, हिंग आणि थोडं जायफळ. गरम मऊ भात, तूप, मीठ, मेतकूट. परीक्षेच्या दिवसांत याच्याइतकं पोटाला हलकं काही नाही. दह्यात कालवलं की पोळीशी लागतं.

कुळथाचं पीठही द्या, नागपुरात कोकणातल्या चवीचं सहज मिळेलच असं नाही. त्याचं पिठलं बेसनासारखंच, फक्त दोन आमसुलं जास्त. लसूण-खोबऱ्याची चटणी द्या, दाण्याचा कूट मात्र थोडाच द्या. कोकणातल्या दमट हवेत तो लवकर खवट होतो आणि प्रवासात वास सगळ्याला लागतो. पीठं गार झाल्याशिवाय भरू नका. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख आणि कृती दोन ओळींत लिहा: किती पीठ, किती पाणी. फोनवर विचारायला तिला पहिले काही दिवस संकोच वाटेल, चिठ्ठी वाचायला वाटणार नाही.

आणि मेतकुटाच्या डब्यात एक चमचा घालून पाठवा. पहिल्या रात्री तिच्या खोलीत चमचा नसेल.