नवरा बोलताना कान चोळतो, म्हणजे खोटं बोलतो का?

"मॅडम, पकडलंय मी त्याला," म्हणत माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एकीने मोबाईल माझ्यासमोर ठेवला. (डिटेल्स बदललेत.) नोट्समध्ये यादीच होती, रात्री 9.40 कान चोळला, मंगळवारी हाताची घडी, नजर टाळली. रील्स बघून बघून तिचं पक्कं झालेलं की ऑफिसमधल्या कुणाशीतरी याचं काहीतरी चालू आहे. ही शंका माझ्याकडे सारखी येते, कधी नवऱ्याबद्दल, कधी मुलाबद्दल.

मी विचारलं, कान चोळायच्या आधी तू काय विचारलं होतंस? ते तिने लिहिलंच नव्हतं!

1969 मध्ये एकमन आणि फ्रिसन या मानसशास्त्रज्ञांनी शरीराच्या हालचालींचे पाच गट पाडले, त्यातले दोन मी तिला सांगितले. एक म्हणजे ठरलेल्या अर्थाच्या खुणा, वर्गात करंगळी वर केली की बाईंना कळतं, बोलावंच लागत नाही. दुसरा म्हणजे कान चोळणं, पेनाचं टोपण काढघाल करणं, हे कुणाला काही सांगायला नसतंच, ताण आला की आपोआप वाढतं. ती कानाला करंगळीसारखं वाचत होती. ताण खोटं बोलण्याचा असेल नाहीतर बायको समोर बसून मोबाईलमध्ये टाइप करतेय त्याचाही असेल ना. आणि हाताची घडी तर आपल्याला बालवाडीपासून तोंडावर बोटासकट शिकवलीये, तिचा काय अर्थ काढणार?

2006 मध्ये बाँड आणि डेपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी दोनशेवर संशोधनं एकत्र तपासली, त्यात लोकांना खरं-खोटं सरासरी 54 टक्के वेळाच ओळखता आलं. नाणं उडवलं तरी 50 येतात.

म्हटलं, आता प्रश्नही लिहून आण. आठवड्याने बघितलं तर सातपैकी पाच वेळा पैशाचा विषय.

पुढच्या वेळी दोघं आले. मी त्याला सहज गाव कुठलं विचारलं, तेव्हाही हात कानावर, ती बघतच राहिली. मग तिने आरोप न करता विचारलं, "पैशाचं काढलं की तू गप्प का होतोस?" बराच वेळ गेला, मग म्हणाला, भावाला 40 हजार दिलेत, तुला सांगायची हिंमत झाली नाही. म्हणजे लपवलं होतंच, तिला काहीतरी खटकत होतं ते उगाच नव्हतं, फक्त ती शोधत होती बाई आणि निघाला दीर.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "परत कधी देणारेत भावजी?"

त्याचा हात परत कानाकडे गेला.