जर्मनीत टेक्निकल रायटर म्हणून यायचंय? टूलचं नंतर बघू

तू तीन गोष्टी विचारल्यास. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत पाच वर्षं टेक्निकल रायटिंग केलंय, मार्कडाउन (साध्या मजकुरात लिहायची पद्धत) आणि गिट (फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) अंगवळणी पडलंय, आता जर्मनीत यायचंय. तर डिटाचा (मजकूर तुकड्यांत रचून लिहायच्या मानकाचा) कोर्स करू का, इथलं कुठलं सीएमएस (मजकूर साठवून पुस्तिका जुळवणारी सिस्टिम) आधी शिकून घेऊ, आणि इंग्रजीवर भागेल का? ताई म्हणालीस, म्हणून सरळ एकेरीवर येते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही भागणार. बर्लिन-म्युनिकच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत इंग्रजीतून लिहिण्याच्या जागा असतात, पण थोड्या, आणि त्यांच्यासाठी अख्खं जग रांगेत उभं. आपल्या कामाचा खरा बाजार आहे यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांत. श्टुटगार्टच्या आसपास, बव्हेरियात, ऱ्हाईनकाठी. तिथली गंमत अशी की इंग्रजी मॅन्युअल हेसुद्धा भाषांतर असतं. युरोपच्या यंत्रसुरक्षेच्या 2006/42 या निर्देशात लिहिलंय, की यंत्र ज्या देशात जाईल तिथल्या भाषेत माहितीपुस्तिका द्यायची, उत्पादकाने स्वतः तपासलेल्या प्रतीवर ‘मूळ’ असं छापायचं आणि बाकीच्यांवर ‘मूळ पुस्तिकेचं भाषांतर’. इंजिनियर जर्मन बोलतात, तेव्हा मूळ जर्मनच होतं. आणि पगार ते मूळ लिहिणारीला मिळतो.

घाबरू मात्र नकोस. लिहायची भाषा फार साधी असते. ‘मेन स्विच बंद करा. कुलूप लावा. दाब शून्यावर आल्याची खात्री करा.’ जर्मनच्या बी-टू पातळीपर्यंत (सहा पातळ्यांतली चौथी) पोचलीस की लिहिणं जमतं. ऐकणं अवघड. माझं बी-टू मॅक्सम्युलर भवनातलं, चांगल्या मार्कांचं. पहिल्या आठवड्यात असेंब्लीच्या हॉलमध्ये फोरमन अस्सल श्वेबिशमध्ये (श्टुटगार्टकडच्या बोलीत) दहा मिनिटं बोलला, त्यातलं मला फक्त ‘मॉर्गन’ कळलं.

आता मुख्य विषय. तू लिहिलंस, ‘व्हर्जन कंट्रोल तर मला येतंच.’ मीही 2016 साली हेच सांगत आले होते. येत नव्हतं.

सॉफ्टवेअरमध्ये आपण पुढे बघत असतो. नवी आवृत्ती आली, डॉक्युमेंटेशनची नवी शाखा काढली, जुनी दोन वर्षांनी मिटवली. पॅकिंग मशीन मात्र विकलं की वीस-पंचवीस वर्षं कुठल्यातरी बिस्किटांच्या कारखान्यात चालत राहतं, आणि प्रत्येकाची जडणघडण वेगळी. एकाला मेटल डिटेक्टर, दुसऱ्याला नाही. एकाची ऑपरेटरची बाजू डावी, दुसऱ्याची उजवी. त्यामुळे इथे कुणी ‘सगळ्यात नवी प्रत कुठली’ असं विचारत नाही. प्रश्न येतो तो असा: अमुक नंबरच्या मशीनसोबत, त्या साली, पोलिश भाषेत आपण नेमकं काय दिलं होतं? ते अक्षरशः तसंच्या तसं दाखवता यायला हवं. यंत्राची तांत्रिक फाइल कायद्याने किमान दहा वर्षं जपावी लागते. शिवाय जर्मन कायद्यात चुकीची किंवा अपुरी सूचना हा मालातलाच दोष मानतात. म्हणजे वेल्डिंग कच्चं निघणं आणि तुझं वाक्य कच्चं निघणं, दोन्ही एकाच खात्यावर.

माझी फजिती सांगते म्हणजे नीट कळेल. तिसरं वर्ष. एका नव्या व्हॉल्व्हसाठी हवेचा दाब सहा बारऐवजी पाच ठेवायचा होता. मी ‘हवेची जोडणी’ हा मॉड्यूल, म्हणजे अनेक पुस्तिकांत वापरला जाणारा मजकुराचा तुकडा, उघडला, आकडा बदलला, तपासणीला पाठवला, मंजूर झाला. सगळं नियमात. पण तो मॉड्यूल जुन्या मशीनच्या पुस्तिकांतही होता, आणि त्यातल्या काही पुस्तिका आमच्याकडे कोणीतरी ‘नेहमी ताजी आवृत्ती घ्या’ अशा जोडणीवर ठेवून दिल्या होत्या. सर्व्हिसने एका जुन्या गिऱ्हाइकासाठी पुस्तिका पुन्हा छापली, त्यात पाच बार. जुना व्हॉल्व्ह पाचावर अडखळतो. फिटर जुना जाणता होता, यंत्रावरची पाटी वाचून त्याने फोन केला म्हणून निभावलं. साहेब रागावले नाहीत, ते अजून वाईट. एवढंच म्हणाले, ‘मूळ प्रत दाखव.’ मला दाखवता आली नाही. सर्व्हरवर ‘अंतिम’, ‘अंतिम-2’ आणि ‘अंतिम-खरंच’ अशा नावांच्या तीन पीडीएफ होत्या.

तेव्हापासून मी दोन गोष्टींची गल्लत करत नाही. मॉड्यूलची आवृत्ती वेगळी, पुस्तिकेची आवृत्ती वेगळी. मॉड्यूल म्हणजे एखाद्या कामाचा किंवा भागाचा स्वतंत्र तुकडा; त्याचं स्वतःचं आयुष्य असतं: लिहिण्यात, तपासणीत, मंजूर. मंजुरीला इथे फ्रायगाबे म्हणतात. हा शब्द पाठच कर, दिवसातून वीसदा ऐकशील. पुस्तिका म्हणजे अशा दोन-तीनशे तुकड्यांची माळ. यंत्र कारखान्याबाहेर पडतं त्या दिवशी ती माळ गोठवायची: कुठल्या मॉड्यूलची कितवी आवृत्ती, कुठल्या भाषेत, कुठलं चित्र, कुठल्या मशीन नंबरासाठी. पुढे मॉड्यूल शंभरदा बदलू दे, गोठलेली माळ हलत नाही. गिटमध्ये एखाद्या आवृत्तीवर खूण म्हणून टॅग लावतेस तसंच, फक्त इथे टॅग दर रिलीजला नाही, दर यंत्राला लागतो. आणि शाखा काढून नंतर जोडणं विसर. इथे मॉड्यूल एकीने उघडला की तो दुसऱ्यांसाठी बंद, काम संपवून परत ठेवला की मोकळा. सुरुवातीला बैलगाडीत बसल्यासारखं वाटतं. पण चित्रं, तक्ते आणि वीस भाषा एकाच तुकड्याला चिकटलेल्या असताना दोघींचे बदल जोडत बसण्यापेक्षा ते बरं.

गिटमधली तुझी एक सवय मात्र सोन्यासारखी आहे: बदल का केला हे दोन ओळींत लिहिणं. इथे पुष्कळ जण नुसतं ‘दुरुस्ती’ लिहून मोकळे होतात. तू बदलाचा नंबर लिही (तो डिझाइन विभागाकडून येतो), आणि कोणत्या मशीन नंबरापासून लागू तेही. मी हे मुलाखतीत सांगते तेव्हा समोरचे पेन उचलतात.

आता व्हेरियंट, म्हणजे एकाच यंत्राचे वेगवेगळे प्रकार. ‘एकदाच लिहा, सगळीकडे वापरा’ हे वाक्य तू कॉन्फरन्समध्ये ऐकलं असशील. त्याच्या नादाने नवी माणसं वाक्यात खाचा पाडत सुटतात: यंत्राच्या नावाच्या जागी व्हेरिएबल, मधल्या तीन शब्दांवर फिल्टर. मराठीत करून बघ. ‘जुना ▢ काढून नवा बसवा.’ पंप असेल तर ठीक. मोटार आली की जुनी काढून नवी, चाक आलं की जुनं काढून नवं. आपल्याला तीन लिंगं आहेत, जर्मनलाही तीनच, वर विभक्तीप्रमाणे आर्टिकल आणि विशेषणाचा शेवट बदलणार. इंग्रजीवर वाढलेल्या रायटरला हे उमगायला वेळ लागतो. मराठी माणसाला एका वाक्यात पटतं. म्हणून माझा नियम: फिल्टर लावायचा तर पूर्ण पायरीला किंवा पूर्ण परिच्छेदाला, वाक्याच्या आत कधीच नाही. व्हेरिएबल फक्त आकड्यांना आणि न बदलणाऱ्या नावांना. आकड्यांतही जपून, जर्मनमध्ये अडीच म्हणजे 2,5 आणि दहा हजार म्हणजे 10.000. स्वल्पविराम आणि टिंब आपल्या उलट. हा गोंधळ टॉर्कच्या तक्त्यात झाला तर काय होईल ते सांगायला नको.

पुनर्वापराला सगळ्यात लायक काय असेल तर धोक्याच्या सूचना. त्यांना ठरलेली पायरी असते: संकेतशब्द, धोका कशाचा, दुर्लक्ष केलं तर काय होईल, टाळायचं कसं. ‘गेफार’ लिहिलं की मृत्यू किंवा गंभीर इजा ठरलेलीच, ‘वार्नुंग’ म्हणजे तसं होऊ शकतं, ‘फोअरझिष्ट’ म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा, आणि ‘हिनवाइस’ म्हणजे माणसाला नाही, मालमत्तेला नुकसान. हे चार शब्द मनाला येईल तसे वापरायचे नसतात. यंत्राच्या जोखीम-मूल्यांकनातून ते उतरतात. नोकरीच्या चाचणीत हमखास विचारतात.

भाषांतराबद्दल एवढंच, की ते पैशाचं भोक आहे. मी एकदा एका सूचनेतला स्वल्पविराम नीट केला. ती सूचना साठेक पुस्तिकांत होती. दुसऱ्या दिवशी एकवीस भाषांमध्ये तो मॉड्यूल लाल: पुन्हा भाषांतर हवं. एजन्सीने जुन्या भाषांतराशी मिळतंजुळतं वाक्य म्हणून दर कमी लावला, पण फुकट कोणी करत नाही. तेव्हापासून साठवताना ‘भाषांतरावर परिणाम नाही’ असं नोंदवायची सोय वापरते. आणि शैलीची खाज आली की हात मागे घेते. वाक्य कुरूप पण बरोबर असेल तर तसंच राहू दे.

डिटाचा कोर्स? कर, पण फीसाठी कर्ज काढू नकोस. डिटा आयबीएमच्या घरात जन्मला, 2005 साली ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने त्याचं पहिलं मानक काढलं. सॉफ्टवेअर आणि अमेरिकी कंपन्यांत त्याचं राज्य. टॉपिकचे (मजकुराच्या तुकड्यांचे) प्रकार, ते जुळवणारा मॅप, एकच मजकूर दुसरीकडे ओढून आणणारा कॉनरेफ हे समजलं की रचनाबद्ध मजकूर म्हणजे काय ते पक्कं होतं. पण जर्मन कारखान्यांत बहुधा त्यांच्याच मातीतल्या सिस्टिम दिसतील: न्युरेम्बर्गची शेमा एसटी4 (हे नाव ऐकलं की मला अजून स्वारगेटचा एसटी स्टँड दिसतो), बाम्बेर्गची कोझिमा, वगैरे. त्या घरी बसून शिकायच्या गोष्टी नाहीत. लायसन्स कंपनीकडे असतं आणि बटणं कुठली दाबायची ते दोन महिन्यांत येतं. त्यापेक्षा कार्ल्सरूहच्या प्रोफेसर वोल्फगांग त्सिगलर यांनी मांडलेली पी-आय वर्गीकरणाची पद्धत वाच. प्रत्येक मॉड्यूलला दोन प्रश्न विचारायचे: हा कुठल्या भागाबद्दल आहे, आणि कुठल्या जातीची माहिती आहे? ‘पंप’ आणि ‘देखभाल’. एवढं नीट ठरलं की शोधणं, जुळवणं, फिल्टर करणं सगळं त्याच्यावर उभं राहतं. आणि टेकोमचं नाव ऐकून ठेव. टेक्निकल रायटर लोकांची ही संघटना 1978 पासून आहे, दर नोव्हेंबरात श्टुटगार्टला त्यांची मोठी परिषद भरते. माझी दुसरी नोकरी तिथल्या कॉफीच्या रांगेत लागली.

वेळ तू बरी साधतेयस. युरोपचा नवा यंत्र-नियम 2023/1230 हा 20 जानेवारी 2027 पासून लागू होतोय. पुस्तिका डिजिटल देता येईल, पण यंत्राच्या अपेक्षित आयुष्यभर, आणि बाजारात आल्यापासून किमान दहा वर्षं, ती ऑनलाइन मिळत राहिली पाहिजे. खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकाने कागदावर मागितली तर महिन्याच्या आत फुकट द्यायची. म्हणजे ‘कुठल्या मशीनची कुठली आवृत्ती’ हा प्रश्न आता कपाटातून वेबवर येतोय. ज्यांचं सगळं अजून वर्डच्या फायलींत आहे, त्यांची पळापळ चालू आहे. तू अर्ज तिथेच कर.

व्हिसाचं थोडक्यात. आधी तुझं विद्यापीठ आणि पदवी आनाबिनच्या (परदेशी पदव्यांच्या जर्मन डेटाबेसच्या) यादीत बघ, विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) हवं. ब्लू कार्डाला (पदवीधरांसाठीच्या युरोपीय राहण्या-कामाच्या परवान्याला) पगाराची अट असते: 2025 साली वर्षाला 48,300 युरो होती, 2026 साली 50,700. ती दर जानेवारीत बदलते. पहिल्या ऑफरचा आकडा त्याच्या जरा खाली आला तर लाजू नकोस, तसं स्पष्ट सांग. मी सांगितलं नव्हतं आणि दोन महिने वाया घालवले. ब्लू कार्डावर पक्की वसाहत-परवानगी सत्तावीस महिन्यांनी मागता येते, बी-वन जर्मन असेल तर एकवीस महिन्यांनीच. म्हणजे बी-टूचा खर्च इथेही वसूल.

आता निघायच्या आधी एक काम कर. घरातलं एखादं यंत्र घे, मिक्सर नको, सगळे मिक्सरच घेतात. शिलाई मशीन घे, नाहीतर सोसायटीतला पाण्याचा पंप. त्याचे दोन प्रकार धर, पंधरा मॉड्यूल लिही, त्यांतून दोन पुस्तिका जुळव. मग एका मॉड्यूलमध्ये खरा बदल कर, एक पुस्तिका नवी काढ, जुनी गोठलेली ठेव, आणि फरक दाखवणारं एक पान जोड. इंग्रजीत आणि जर्मनमध्ये, दोन्ही. सर्टिफिकेटांच्या गठ्ठ्यापेक्षा हे चाळीस पानांचं बाड जास्त बोलतं. तयार झालं की मला पाठव. धोक्याच्या सूचना मी बघून देईन. आर्टिकलं तेवढी आधी स्वतः तपास.